एक सुट्टी, तीन किलो गहू

यंदा १ मेला शुक्रवार होता, महाराष्ट्र दिन होता, कामगार दिन होता आणि वर बुद्धपौर्णिमाही होती. एका चौकटीत तीन निमित्तं आणि सुट्टी एकच. नोकरदार माणसाला असल्या गोष्टी जानेवारीतच कळलेल्या असतात. नवं कालनिर्णय भिंतीवर चढलं की मी आधी रविवारी वाया जाणाऱ्या सुट्ट्या मोजते, मग एकमेकींवर पडलेल्या. हा हिशेब करून फायदा शून्य, पण केल्याशिवाय राहवत नाही.

तरी ह्या एका सुट्टीवर माझा डोळा होता. मी अकाउंट्सला आहे. आमच्याकडे मार्च महिना मार्चात संपत नाही, एप्रिलभर चालतो. मार्चमध्ये कापलेला टीडीएस भरायची शेवटची तारीख ३० एप्रिल, म्हणजे बरोबर आदला गुरुवार. ते चलन भरलं की मी मोकळी. शुक्रवारी उशिरा उठायचं. चहा दोनदा प्यायचा, एकदा बसून आणि एकदा लोळत. जमलं तर स्वयंपाकघरातला वरचा फडताळ आवरायचा. ह्यातलं 'जमलं तर' सगळ्यात महत्त्वाचं होतं.

सोमवारी रात्री ताटावर बसता बसता सासूबाई म्हणाल्या, "गहू भिजत घातलेत."

ज्यांच्या घरी कुरडया होतात त्यांना ह्या वाक्याचा अर्थ सांगायला नको. भिजवलेला गहू कोणासाठी थांबत नाही. सोमवारी घातला तर मंगळवारी पाणी बदला, बुधवारी बदला, गुरुवारी वाटा, रात्रभर चीक निवळू द्या आणि शुक्रवारी पहाटे हाटा. कालनिर्णय त्यांनीही वाचलं होतं, आणि माझ्यापेक्षा नीट वाचलं होतं.

"किती घातलेत?"

"जास्त नाही. तीनच किलो."

तीन किलोला 'तीनच' म्हणणारी बाई पूर्वी पंचवटीत वाड्यात राहत असताना सात-सात किलोच्या कुरडया घालत असे. तेव्हा पाच बिऱ्हाडांच्या बायका आळीपाळीने एकमेकींकडे जायच्या. आज हिच्या, उद्या तिच्या. आता आमच्या बिल्डिंगमध्ये सोळा फ्लॅट आहेत आणि आळीपाळीला मी एकटी.

घाई कशाची, तर १७ मेपासून अधिक महिना लागतोय. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, १५ जूनपर्यंत. म्हणजे धोंड्याचा महिना. म्हणजे ठाण्याहून नणंदबाई आणि जावई येणार, त्यांना धोंडे-जेवण, तेहतीस अनारशांचं वाण, कपडे, आणि ताटात आमरस. आमरस असला की तळलेली कुरडई हवीच, नाहीतर सासूबाईंच्या मते ते ताट लंगडं. अधिक महिना ही गोष्ट मला तशी आवडते, कारण ती शुद्ध हिशेबाची आहे. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ चं. दरवर्षी ११ दिवसांचा फरक साठत जातो आणि ३२-३३ महिन्यांनी एक अख्खा महिना घालून तो जुळवून टाकतात. ह्याला आमच्यात रिकन्सिलिएशनची एन्ट्री म्हणतात. फक्त आमच्या एन्ट्रीला जावयाला जेवायला बोलवावं लागत नाही. मागचा अधिक २०२३ साली श्रावणात आला होता. तेव्हा पावसात वाळवणाचा प्रश्नच नव्हता, कुरडया विकत आणल्या होत्या आणि त्या तळल्यावर फुलल्या नाहीत. ते सासूबाई तीन वर्षं विसरल्या नाहीत.

गहू लोकवन. आमच्याकडे कुरडईला हाच लागतो. हे 'लोकवन' मी लग्नाआधी रानावनातलं वन समजत होते. ते मुळात 'लोक-१' आहे, गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत काढलेलं वाण. तो इंग्रजीतला वन. किराणा दुकानाच्या पाटीवर येईपर्यंत त्याचं जंगल झालं.

तीन दिवस घरात आंबूस वास. तो वाईट नसतो, पण बाहेरून आलेल्या माणसाचं नाक जरा उडतं. सासूबाई रोज संध्याकाळी पातेल्यात हात घालून एक दाणा काढत आणि बोटांत चिमटीने दाबत. पहिल्या दिवशी दाणा नुसता पिचकला. तिसऱ्या दिवशी टरफल बाजूला झालं आणि आतून पांढरा थेंब आला, दुधासारखा. "आलाय," म्हणाल्या. मीटिंगच्या मध्येच मला फोन करून "आलाय" म्हणाल्या. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमना वाटलं पाहुणा आलाय.

गुरुवारी चलन भरून, पावती मेल करून, घरी पोचायला पावणेआठ झाले. वाटेत सिंहस्थाच्या कामांची खोदाई, त्यामुळे जिथे वीस मिनिटं लागायची तिथे पस्तीस लागतात आणि केसांत वाळू येते. (ही वाळू पुढे पुन्हा येणार आहे.) पोळ्या सासूबाईंनी करून ठेवल्या होत्या. जेवून मिक्सर लावला. तीन किलो भिजका गहू मिक्सरच्या भांड्यातून काढायचा म्हणजे सोळा-सतरा वेळा भरायचं. नवव्या भांड्याला मिक्सर गप्प बसला. नवऱ्याने प्लग तपासला, बोर्ड तपासला, शेवटी मिक्सरला उचलून हलवून बघितलं. सासूबाई खुर्चीवरून म्हणाल्या, "खालचं लाल बटण दाब." तो तापला की स्वतःच बंद पडतो आणि बुडाशी एक लाल बटण असतं, हे आमच्या दोन पदवीधरांना माहीत नव्हतं. पंधरा मिनिटं त्याला गार होऊ दिलं. तेवढी मात्र सुट्टी मिळाली, खरं सांगायचं तर संपूर्ण आठवड्यातली तीच एक निर्भेळ.

वाटलेलं सगळं आजेसासऱ्यांच्या धोतराच्या तुकड्यातून गाळायचं. धोतर कुणाचं, कधीचं, ते मला दरवर्षी सांगितलं जातं. पाणी घालून पिळायचं, पुन्हा पाणी, पुन्हा पिळायचं, चोथ्यातून पांढरं पाणी यायचं थांबेपर्यंत. माझे हात कोपरापर्यंत चिकट. चोथा वेगळा ठेवला, त्यात तिखट-मीठ आणि कांदा घालून सासूबाई वड्या घालतात. दोन मोठी पातेली भरली, त्यावर ताट झाकलं. साडेअकरा.

"पाच वाजता उठू," त्या म्हणाल्या. 'उठू' हे अनेकवचन त्यांनी प्रेमाने वापरलं असावं.

*

पहाटे पातेल्यांवरचं ताट काढलं तर वर पिवळसर पाणी आणि तळाशी चीक बसलेला. पाणी हलक्या हाताने ओतायचं, हे काम त्या मला देत नाहीत. पातेलं तिरकं धरून, श्वास रोखून, त्या पाणी सोडत जातात आणि चीक हलू लागला की बरोबर थांबतात. खाली राहतो तो भिंतीला भरायच्या पुट्टीसारखा घट्ट, पांढराशुभ्र गोळा. बोट रोवलं तर रुततं, पण पातेलं हलवलं की वाहतो. लहानपणी मला ह्याची भीती वाटायची.

प्रमाण मी ह्या वर्षी लिहून घ्यायचं ठरवलं होतं. वही घेऊन उभी राहिले.

"जेवढा चीक तेवढं पाणी."

"मीठ?"

"चवीपुरतं."

"अहो आई, कच्च्या चिकाची चव कशी बघणार?"

"पाण्याची बघायची. पाणी भाजीच्या रश्श्याहून जरा कमी खारट लागलं पाहिजे."

"हिंग?"

त्यांनी डबीतून चिमूट काढून माझ्यासमोर धरली. मी ती चिमूट वहीत कशी लिहू? शेवटी छोटा चमचा आणून त्यात ओतून घेतली. पाव चमच्याला जरा कमी भरली. दुसऱ्या घाणाला त्यांनी घातलेली चिमूट मोजली तर तीही तेवढीच, तिसऱ्यालाही. मी वही मिटली.

तीन घाण केले. पाण्याला आधण आलं की एकीने बारीक धार धरायची आणि दुसरीने लाकडी दांड्याने हाटत राहायचं. धार सासूबाईंची, दांडा माझा. गुडघ्यामुळे त्यांना ओट्याशी फार वेळ उभं राहवत नाही, त्या उंच स्टुलावर बसून धार धरतात. पहिली दोन मिनिटं काही वाटत नाही. मग पाणी अचानक घट्ट होतं आणि दांडा पातेल्यात अडकतो. खांद्यातून जोर लावावा लागतो, आणि थांबलात की गुठळी. एक गुठळी म्हणजे पुढे सोऱ्याच्या भोकात बसलेला एक बूच. पांढरा रंग हळूहळू जातो, चीक करडा, मग काचेसारखा चकचकीत होतो. झाकण ठेवून वाफ आणायची. ओला हात लावून बघायचं, चिकटला नाही म्हणजे झाला. हात मी लावते. त्या बघतात.

सकाळी सहाला चिकाच्या वासाने घर उठलं. नवरा वाटी घेऊन हजर, त्याला त्यात कच्चं तेल आणि लसणाची चटणी लागते. मुलीला दूध-साखर. सासूबाईंना तूप-साखर, डॉक्टरांनी दोन्हीला नाही म्हटलंय तरी. मी सोऱ्या भरत होते, कारण चीक गरम असतानाच पडला पाहिजे. गार झाला की कोणाच्या बापाला दाबता येत नाही. माझी वाटी नंतर, असं मी म्हणाले आणि पुढे तो 'नंतर' आलाच नाही. तिन्ही घाण संपल्यावर पातेल्याची खरवड काढून खाल्ली. खरवड चांगली लागते, पण ती वाटी नव्हे.

गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडे असते. वर सोलरची पॅनेलं, टाक्या आणि डिश ह्यांनी निम्मी गच्ची व्यापलीये. उरलेल्या निम्म्यात आदल्या दिवशीच दुसऱ्या मजल्यावरच्यांनी मिरच्या पसरल्या होत्या. ह्या बाबतीत आमच्या बिल्डिंगमध्ये अलिखित नियम कडक आहेत, दुसऱ्याचं वाळवण सरकवायचं नाही. मग पॅनेलांच्या सावलीची हद्द कुठे सरकेल ह्याचा अंदाज घेऊन, टाकीपासून कठड्यापर्यंत आम्ही प्लास्टिकचा कागद अंथरला आणि चारी कोपऱ्यांना विटा ठेवल्या.

सोऱ्या पितळी, फिरकीचा नव्हे, दाबायचा. सासूबाईंच्या आईचा. दोन्ही तळव्यांनी दट्ट्या खाली रेटायचा आणि त्याच वेळी मनगट फिरवत गोल वेढे घ्यायचे. म्हणजे जोर एक दिशेला आणि नजाकत दुसऱ्या. वाफ थेट तोंडावर. मी पहिल्या पाच-सहा घातल्या त्या कुरडया नव्हत्या, घाईत सोडलेला दोरा होता. सातवीपासून हात बसला. तेवढ्यात नवरा म्हणाला, "दे, मी दाबतो." आणि खरं सांगते, त्याने दाबल्यावर धार सरसर आली. त्याच्या हातात जोर आहे, जिममध्ये पैसे भरून कमावलेला. पण खालून आलेल्या सासूबाईंनी जिन्याच्या दारातूनच बघितलं आणि म्हणाल्या, "अरे तू कशाला? तुला नाही जमायचं. ह्या बघ, जिलब्या झाल्या." त्याच्या चार कुरडया माझ्या पहिल्या सहांपेक्षा बऱ्या होत्या. पण त्याला सुटका हवी होती आणि त्यांना त्याला सोडवायचं होतं. दोघांचं काम झालं. तो खाली जाऊन कूलरच्या जाळ्या धुवायला लागला, ते पण काम आहेच, मी नाही म्हणत नाही. साडेनऊला त्याच्या स्टेटसवर कामगार दिनाच्या शुभेच्छा दिसल्या.

कॉलनीच्या मैदानावर झेंडावंदन झालं, माईकवर कोणीतरी १९६० पासून सुरुवात करून बराच वेळ बोललं. मी गुडघ्यांवर होते. आमच्या लहानपणी शाळेचा निकाल १ मेलाच लागायचा. लासलगावला सकाळी झेंडावंदन, मग वर्गात नाव घेऊन प्रगतिपुस्तक, आणि ते घेऊन पळत घरी यायचं ते थेट गच्चीत, कुरडया राखायला. पास झालीस का, हे आई नंतर विचारायची. आधी काठी हातात द्यायची. राखणीचा पगार म्हणजे अर्धवट वाळलेल्या कुरडया. बाहेरून कडक, आतून चिवट, खारट. दोघी-तिघी मिळून कडेच्या कुरडया संपवायचो आणि मधल्या पसरून जागा भरायचो. आईला कळायचं. ती तेवढ्या जास्तच घालायची.

माझ्या मुलीने राखण केली ती छत्रीखाली मोबाइल घेऊन. कबुतरांना तेवढं पुरेसं होतं, ती आली की पाय वाजवायची. पण वारा सुटला. रस्त्यावर खणलेली माती, वर उघडी गच्ची, खाली ओल्या कुरडया. (वाळू पुन्हा आली.) पळत जाऊन जुन्या सुती साड्या आणल्या, कागदाच्या कडेला खुर्च्या मांडून त्यांवर ताणून बांधल्या. साडीतून ऊन येतं, धूळ कमी येते. लांबून लग्नाचा मांडव दिसत होता. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आपल्या मिरच्या झाकायला धावत आल्या आणि आमच्या मांडवाकडे बघून परत जाऊन त्यांच्याही साड्या घेऊन आल्या.

एकशे चौदा झाल्या. मोजल्याशिवाय मला जमत नाही.

*

अकरा वाजता खाली आले तेव्हा स्वयंपाकघर बघवत नव्हतं. चीक वाळला की सिमेंट होतो. ओटा, शेगडी, नळ, फ्रीजचं हँडल, सगळीकडे पांढरे पापुद्रे. भांडी पाण्यात टाकून म्हटलं ती भिजेपर्यंत वरचा फडताळ आवरून घ्यावा, म्हणजे निदान माझ्या यादीतलं एक तरी काम होईल.

वरच्या फडताळात मागे एक स्टीलचा उभा डबा निघाला. त्यावर माझ्या आईचं नाव कोरलेलं. उघडला तर अर्ध्याहून जास्त कुरडया. लासलगावच्या, मागच्या उन्हाळ्यातल्या. मला आठवलं, दादा स्वतः गाडीतून आणून देऊन गेला होता. "दाजींना आवडतात म्हणून वहिनीने मुद्दाम केल्यात." आम्ही दोन-चारदा तळल्या असतील. मग नवऱ्याचा रक्ताचा रिपोर्ट आला, तळण कमी झालं, डबा मागे सरकला, त्यापुढे शेवयांचा डबा आला, त्यापुढे बेकिंगचं सामान. वर्ष गेलं.

डबा ओट्यावर ठेवला आणि फडताळ पुसला.

दुपारी वरणभात, आमरस आणि त्याच डब्यातल्या कुरडया तळल्या. तेलात टाकली की फुलासारखी उघडली, झाऱ्यात मावेना. वर्ष झालं तरी. सासूबाईंनी एक तुकडा तोडून खाल्ला आणि म्हणाल्या, "चांगल्या झाल्यात हो तुमच्याकडच्या." मग थांबून म्हणाल्या, "मीठ जरा कमी आहे." हे म्हणणं त्यांना भाग होतं.

जेवत असतानाच ठाण्याहून नणंदबाईंचा फोन. स्पीकरवर.

"आई, कशाला एवढा घाट घातलास? आमच्याकडे कोण खातंय? ह्यांचं कोलेस्टेरॉल वाढलंय, तळलेलं बंद केलंय."

सासूबाई म्हणाल्या, "बरं. मग दोन डबे देते, एक तुझ्या सासूबाईंना."

मी आमरसाच्या वाटीत बघत होते. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि लगेच पंख्याकडे बघितलं. नणंदबाईंचा काही दोष नव्हता, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण तळहाताच्या गादीवर, अंगठ्याखाली, एक फोड आला होता आणि तो पाणी लागलं की बोलत होता.

दुपारी मी पडले. वीस मिनिटं झाली असतील, बेल वाजली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, पांढरी साडी, हातात झाकलेली वाटी. पांडवलेण्याच्या पायथ्याच्या बुद्ध स्मारकातून येऊन त्यांनी घरी खीर केली होती आणि सोळाच्या सोळा घरी स्वतः फिरून वाटत होत्या. लिफ्ट बंद होती. त्यांचं वय पासष्टच्या पुढे. मी दारातच म्हटलं, "काकू, बसा." त्या म्हणाल्या, "बसले तर उठणार नाही. अजून सात घरं आहेत." वाटी रिकामी करून परत द्यायची तर रिकामी कशी द्यायची, म्हणून आत जाऊन तळलेल्या चार कुरडया त्यात ठेवल्या. लासलगावच्या. त्यांनी तिथेच एक मोडून तोंडात टाकली आणि जिना चढायला लागल्या.

मग झोप गेलीच. तीन मशीन कपडे लावले. गाद्यांना ऊन दाखवायचं राहिलं, कारण गच्चीत जागा नव्हती. भांडी घासली. चिकाचं पातेलं घासायला काथ्या आणि चिंच लागते, आमच्याकडे मिळाली ती तारेची घासणी, त्यामुळे सासूबाई दहा मिनिटं बोलत नव्हत्या. अनारशांसाठी तांदूळ कधी भिजवायचे ह्याची चर्चा त्यांनी सुरू केली, तेही तीन दिवस भिजतात. मी १० तारखेचा रविवार सांगितला. हो, हे मी स्वतः सांगितलं.

*

पावणेसातला व्हॉट्सअॅपवर लासलगावच्या वहिनीचा फोटो आला. गच्ची, निळा प्लास्टिकचा कागद, त्यावर ओळीत कुरडया. कडेला विटा. मागे कांद्याच्या चाळीचा पत्रा. फोटोच्या एका कोपऱ्यात पितळी सोऱ्या आणि तिच्या पायाचा अंगठा. खाली लिहिलेलं: "दाजींसाठी. धोंड्याला याल तेव्हा नेता येतील."

मी फोटो मोठा करून बघितला. वेढे माझ्यापेक्षा सारखे होते. किलोचा अंदाज केला. चार तरी असावेत.

'कशाला एवढा घाट घातलास' एवढं लिहिलं. वाचलं. पुसलं. 'वा, मस्त!' लिहिलं. तेही पुसलं. मग गच्चीत कुरडया उलटवायला जायचंच होतं, वर जाऊन तिला फोन लावला आणि मोबाइल कठड्यावर ठेवला.

"ताई, मिळाला का फोटो?"

"मिळाला. किती गहू घेतलात?"

"पाच किलो. अहो, तुमच्या दादाला म्हटलं, गिरणीतून वाटून आणा, तर म्हणाले मार्केट बंद आहे तर मला झोपू दे. कालच मिक्सरवर केलं सगळं. मिक्सर बंद पडला दोनदा."

"खालचं लाल बटण."

"कोणतं लाल बटण?"

मी सांगितलं. ती आत गेली, बघून आली. "अगं बाई," म्हणाली, "मी तर माहेरचा जुना मिक्सर काढला माळ्यावरून." मग आम्ही बराच वेळ हसलो. मी एकीकडे कुरडया सोडवत होते. दिवसभराच्या उन्हाने त्या कागद सोडू लागल्या होत्या, कडेला नख घातलं की टप्कन सुटायच्या, मधल्या अजून धरून होत्या. पालथ्या घालत गेले. तिच्याकडूनही तसाच टप्-टप् आवाज येत होता.

"हाताला फोड आले का तुमच्या?"

"एक. तुमच्या?"

"दोन्ही हातांना. आणि ताई, गंमत सांगते, चीक खायलाच मिळाला नाही. सगळ्यांना वाट्या भरून देता देता पातेलं कधी रिकामं झालं कळलं नाही. खरवड खाल्ली."

मी काही बोलले नाही. एक कुरडई मोडली हातात.

"मागच्या वर्षीच्या संपल्या असतील ना?" तिने विचारलं.

"कधीच," मी म्हटलं.

तेवढ्यात तिच्या मागून माझ्या आईचा आवाज आला, "कोणाशी बोलतेस गं? झाकल्यास का कुरडया?" आणि त्याच क्षणाला जिन्यातून सासूबाईंची हाक, "अगं, उलटल्या का? झाकून ये!" आम्ही दोघी एकदम "हो, हो" म्हणालो, एकाच सुरात, आणि पुन्हा हसायला लागलो. इतकं की मला खाली बसावं लागलं. पूर्वेला टाकीच्या मागून पौर्णिमेचा चंद्र वर आला होता, धुळीमुळे जरा तांबूस.

मोडलेली कुरडई मी खाल्ली. बाहेरून कडक, आत चिवट, मीठ बरोबर.

"ताई," वहिनी म्हणाली, "हिंग किती घालता हो तुम्ही घाणाला?"

"चिमूटभर," मी म्हटलं.